रोजच्या चित्राला खाडा का पडतो, आणि पडलाच तर काय करायचं

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. नवी वही येते. पहिल्या पानावर सुबक अक्षरात तारीख पडते. आठ-दहा दिवस रोज एक चित्र होतं. मग एखाद्या संध्याकाळी पाहुणे येतात, किंवा गाड्या उशिरा असतात, आणि एक पान कोरं राहतं. उद्या दोन काढू, असं आपण म्हणतो. उद्या तेही होत नाही आणि परवा तीन चित्रांचं देणं डोक्यावर बसतं. पंधरवड्यात वही कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली जाते. पुढच्या पाडव्याला पुन्हा नवी वही, पुन्हा सुबक तारीख.

माझ्याकडे अशा पाच अर्धवट वह्या आहेत. त्यानंतरची चार वर्षं मात्र चित्र चालू आहे. खाडे आजही पडतात, पण बहुतेक एक-दोन दिवसांचे, आणि त्यापायी चित्र सुटत नाही. मधल्या काळात काय बदललं ते इथे लिहिते. मी चित्रकार नाही. ठाण्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात काम करते, बदलापूरहून जाऊन-येऊन असते. लहानपणी चित्रकलेच्या इलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या, तेवढीच शिदोरी.

आधी मागची तीन पानं बघा

चित्र सुटलं की कारण म्हणून आपण एकच शब्द सांगतो: आळस. मीही तेच सांगायचे. पण आळस म्हटलं की पुढे दुरुस्त करण्यासारखं हातात काहीच राहत नाही.

एका रविवारी पाचही वह्या जमिनीवर पसरून बसले. शाळेतल्या सवयीने प्रत्येक चित्राखाली तारीख होती, त्यामुळे खाडे कुठे पडले ते लगेच दिसलं. मग प्रत्येक मोठ्या खाड्याच्या आधीची तीन-तीन पानं पाहिली. एका खाड्याआधी तिन्ही पानं ए-फोर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत छायांकन केलेली. दुसऱ्याआधी जुलै महिना आणि जेल पेनची शाई फुटलेली. तिसऱ्याआधी सलग तीन चेहरे, खोडून खोडून कागदाला लव आलेली. चौथ्याआधी तारखेशेजारी वेळ लिहिलेली होती: रात्री ११:४०, ११:५५, १२:१०.

म्हणजे खाडा एकच दिसत असला तरी कारणं चार होती आणि चारही वेगळी. मोठ्या पानाचं औषध पावसाला चालणार नव्हतं. म्हणून पुढचं काही करून बघण्याआधी स्वतःची वही उघडा आणि खाड्याआधीची तीन पानं बघा. चित्र चांगलं की वाईट हे बघायचं नाही. पान केवढं, काय वापरलं, किती वाजता, कशाचं काढलं, एवढंच बघायचं.

पान मोठं आहे

मला सगळ्यात जास्त सापडलेलं कारण हेच. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. पेन्सिलीचं टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्या टोकाने ते सगळं क्षेत्र भरायचं तर तासभर सहज जातो, आणि रोजचा तासभर नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाकडे नसतो. पहिले आठ दिवस उत्साहात तो काढला जातो. नवव्या दिवशी चित्र नको असतं असं नाही, तो तास नको असतो.

कागदाला दोनदा घडी घाला. ए-फोरचा चौथा भाग म्हणजे ए-सिक्स, १०५ बाय १४८, पोस्टकार्डाच्या जवळपास. नंदलाल बोस यांच्यासारखा चित्रकार साध्या पोस्टकार्डावर चार फटकाऱ्यांत चित्र काढून विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना पाठवत असे. त्या आकारात दहा-बारा मिनिटांत काहीतरी पुरं होतं, आणि पुरं झालेलं चित्र दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायला लावतं.

मी वही वापरणंच सोडलं. ऑफिसात रद्दीत जाणारे पाठकोरे कागद विचारून घेते, घरी चार तुकडे करते आणि परीक्षेचं जुनं पॅड कापून केलेल्या पुठ्ठ्यावर चिमट्याने लावते. दहा कागदांच्या चाळीस चिठ्ठ्या होतात. कोरा कागदच हवा असेल तर पाचशेच्या एका रिममधून दोन हजार चिठ्ठ्या निघतात, म्हणजे रोज एक धरली तर पाच वर्षांहून जास्त पुरवठा.

पाठकोऱ्या कागदाचा आणखी एक फायदा आहे, तो मला उशिरा कळला. पुण्यात हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथला कागद मी एकदा हौसेने आणला होता. काय सुंदर कागद, बोटांना कळतो! तीन वर्षं तो तसाच पडून होता, कारण त्याच्यावर काढण्याइतकं चांगलं माझ्याकडे काही नाही असं रोज वाटायचं. पाठीमागे जुनं परिपत्रक छापलेल्या चिठ्ठीपुढे असं वाटत नाही. चांगला कागद जरूर आणावा, पण रोजच्या चित्रासाठी नको.

सामान शोधावं लागतं

आईचा रांगोळीचा डबा दारामागे, खाली कोपऱ्यात असायचा. कधीच दुसरीकडे नसायचा. सकाळी सडा झाला की ती वाकून डबा ओढायची, ठिपके टाकायची, जोडायची, उठायची. सणाच्या दिवशी मोठी रांगोळी, एरवी चार बाय चार ठिपक्यांची. आज सुचतंय का, मन लागतंय का, असं तिने उंबऱ्यावर उभं राहून कधी स्वतःला विचारलं नाही. दुपारपर्यंत पावलांनी रांगोळी पुसली जायची, तर तिची हळहळही कुणाला नसायची. रोज चित्र काढणाऱ्या बाया आपल्याकडे घरोघरी होत्या, आपण त्याला चित्र म्हटलं नाही इतकंच.

माझी पेन्सिल मुलाच्या कंपासात, शार्पनर ड्रॉवरमध्ये आणि वही बेडरूमच्या फळीवर. तिन्ही गोळा करायला पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते. आता एका जुन्या चष्म्याच्या पेटीत एक पेन्सिल, एक निळं बॉलपेन, एक ब्लेड आणि सुती चिंधी आहे. पेटी आणि चिठ्ठ्यांचं पॅड ओट्याच्या कडेला, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी. सकाळी चहाचं आधण ठेवलं की उभ्या उभ्या सुरुवात करते आणि चहा पिताना पुरं करते. रात्री झोपण्याआधी काढायचं मी सोडून दिलं, कारण रात्री सव्वाबाराला काढलेल्या चित्रांकडे बघून कळत होतं की तो वेळ माझा नाही. तुमचा असेल, तर रात्रीच काढा. महत्त्वाचं हे की रोज जे काम होतंच त्याच्या शेपटाला चित्र बांधायचं.

रात्री काढणाऱ्यांनी एक बघावं: उजव्या हाताने काढत असाल तर उजेड डावीकडून यायला हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी टोकावर पडते. डावखुऱ्यांनी उलट. चाळिशी लागली असेल तर चष्मा पेटीशेजारीच ठेवा. डोळे ताणून काढलेलं चित्र चार दिवसांत नकोसं होतं, आणि दोष आपण चित्राला देतो.

पेन्सिल आणि कागद यांची भांडणं

साध्या सामानात काही चुकत नाही, फक्त त्याचा स्वभाव माहीत हवा. तो माहीत नसला की चित्र बिघडतं, आणि आपण म्हणतो आपला हातच वाईट.

*चित्र फिकं आणि राखाडी दिसतं.* बहुतेक वेळा पेन्सिल एचबी असते. शिशात ग्रॅफाइट आणि माती असते. एच कडे जावं तशी माती वाढते, बी कडे जावं तसं ग्रॅफाइट. एचबी लिहिण्यासाठी ठीक. कितीही दाबली तरी तिच्यातून गडद काळं निघत नाही, फक्त कागदाला खळगा पडतो. अप्सरा, नटराज, कॅमलिन, डोम्स, कुठलीही चालेल, पण टू-बी किंवा फोर-बी घ्या. बारा पेन्सिलींचा संच घेऊ नका. एकच घेतली की हलक्या हाताने आणि दाबून काढण्यातला फरक हात आपोआप शिकतो.

*टोक सारखं तुटतं.* पेन्सिल खाली पडलेली असते. बाहेरून धड दिसते, पण आतल्या शिशाचे तुकडे झालेले असतात, म्हणून कितीही टोक काढलं तरी ते सुटूनच येतं. अशी पेन्सिल बाजूला ठेवा. नवी पेन्सिलही तुटत असेल तर शार्पनरचं पातं बोथट आहे. ब्लेडने टोक काढायला शिकलात तर शिसं लांब ठेवता येतं आणि आडवं धरून पॅच भरता येतो.

*हाताने पुसलं जातं.* हाताखाली एक चिठ्ठी धरा आणि उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून उजवीकडे भरत जा. दोन चिठ्ठ्या एकमेकींवर घासल्या तरी ग्रॅफाइट उतरतं, म्हणून गठ्ठा दोऱ्याने घट्ट बांधा, सैल ठेवू नका.

*रंग लावला की कागद फुगतो.* झेरॉक्सचा कागद चौरस मीटरला ७०-८० ग्रॅम वजनाचा असतो. जलरंगासाठी लोक साधारण ३०० ग्रॅमचा वापरतात. पातळ कागदाला पाणी दिलं की त्याने वाकडं व्हायचंच. रंग हवाच असेल तर लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून घ्या, त्याची कोरी बाजू पुष्कळ पाणी सोसते. फक्त तो चकचकीत नसावा. सावलीसाठी मी कधीकधी कोरा चहा वापरते, सुंदर तपकिरी छटा येते. साखर घातलेला चहा मात्र नको. एकदा घातला होता आणि दुसऱ्या दिवशी चित्रावर मुंग्यांची रांग होती. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी झळकतो आणि उजेडात ठेवला की उडून जातो. गेरू उडत नाही, कारण तो लोहाचा ऑक्साइड आहे. कुंडीला लावायचा गेरू चिमूटभर पाण्यात कालवला की एक भरवशाचा रंग मिळतो.

आणि बॉलपेन. मला वाटतं रोजच्या चित्रासाठी याच्याइतकं प्रामाणिक साधन नाही. टोक काढावं लागत नाही, शाई तेलकट असल्याने पाण्याच्या थेंबाने पसरत नाही, आणि हलकं धरलं तर पेन्सिलीसारखी फिकी रेघही देतं. खोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. का, ते पुढे सांगते. एवढंच की त्याची शाई उन्हात फिकी पडते, तेव्हा भिंतीवर लावायचं चित्र त्याने काढू नका.

जून ते सप्टेंबर

कोकणात, मुंबईत, बदलापूरच्या आमच्या बाजूला तर चित्र सुटायचा हंगामच हा. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि कागद ती पापडासारखी पितो. सादळलेल्या कागदावर पेन्सिल रुतते, रेघेऐवजी चर पडतो. खोडलं तर लव निघते. जेल पेनची आणि फाउंटन पेनची शाई पाण्यातली असल्याने कडेने फुटते. बॉलपेन मधेच रेघ सोडतं, कारण कागदावर तळहाताचा घाम आणि तेल बसलेलं असतं. असं तीन दिवस झालं की माणूस म्हणतो, पाऊस संपला की बघू. पाऊस संपेपर्यंत दसरा येतो.

यावरचा उपाय स्वयंपाकघरातच मिळाला. पापड आपण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, तशाच चिठ्ठ्या ठेवायच्या. ए-सिक्स आकार रुंद डब्यात आरामात मावतो. बूट किंवा पर्स घेतली की खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या दोन-तीन डब्यात टाकायच्या. लागेल तेवढी एकच चिठ्ठी बाहेर काढायची. हाताखाली चिंधी घ्यायची. पावसाळ्यात पाण्याचे रंग आणि जेल पेन सरळ बंद, फक्त बॉलपेन. फाउंटन पेनचाच आग्रह असेल तर पाण्याने न पसरणारी चित्रकारांची शाई त्यात भरू नका, ती आत वाळून पेन कायमचं बंद पाडते.

जुन्या चित्रांना या दिवसांत कसर लागते. आमच्याकडे पोथ्यांच्या कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवत. तेच मी गठ्ठ्यांमध्ये ठेवते. आणि दिवाळीआधी एक दिवस सगळे गठ्ठे सोडून सावलीत वाऱ्यावर पसरते. त्या दिवशी घरभर वर्षाची चित्रं असतात. मला तो दिवस फार आवडतो.

आज काय काढू?

हा प्रश्न रोज पडत असेल तर रोज चित्र होणार नाही. दहा मिनिटांतली सात विषय शोधण्यात जातात.

जपानचा चित्रकार होकुसाई, जन्म १७६०. ऐंशी वर्षांचा झाल्यावर, १८४२-४३ च्या सुमारास, त्याने रोज एक सिंह काढायचा नेम धरला होता. संकट टळावं म्हणून केलेला तो नेम होता. त्यातली दोनशेहून अधिक चित्रं आज शिल्लक आहेत. विषय एकच. सिंह कधी नाचतो, कधी गुरगुरतो, कधी पाठ फिरवून बसतो. काय काढायचं हे त्याने एकदाच ठरवलं होतं, त्यामुळे रोजची सगळी शक्ती कसं काढायचं यावर लागत होती.

मी पहिले दोन महिने तांब्या काढला. घरातला पितळी तांब्या, रोज तोच, फक्त जागा बदलून. ओट्यावर, खिडकीत, आडवा पडलेला, पाणी भरलेला. इलिमेंटरीच्या वस्तुचित्रात तांब्या नीट आला नव्हता आणि का आला नव्हता हे मला तीस वर्षांनी कळलं. आपण तोंडाचा लंबगोल काढताना दोन्ही टोकांना कोपरे करतो, डोळ्याच्या आकारासारखे. लंबगोलाला कोपरा नसतो, टोकाशी रेघ वळते, मोडत नाही. दुसरं, वरून बघताना तोंडाचा लंबगोल जेवढा चपटा दिसतो त्याहून बुडाचा जास्त गोल असतो, कारण बूड डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली आहे. आपण बूड सरळ रेघेने काढून टाकतो आणि तांब्या सुरीने कापल्यासारखा दिसतो. हे वाचून कळतं, पण हाताला कळायला तांब्याच काढावा लागतो, आणि पुष्कळ वेळा.

तुम्ही तांब्याच काढा असं नाही. चप्पल काढा, आलं काढा. आल्याचा प्रत्येक तुकडा वेगळा असतो आणि चुकलं तरी ते आलंच दिसतं. नवशिक्याला आल्यासारखा विषय नाही.

माणसं काढायची भीती वाटत असेल तर वारली चित्रांकडे बघा. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर गोल डोकं, काड्यांसारखे हातपाय. डहाणू भागातले जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांत एवढ्याशा आकारांतून माणूस नाचतो, जाळं फेकतो, ओझ्याने वाकतो. सगळी गंमत दोन त्रिकोणांच्या कलण्यात आहे. लोकलमध्ये मी तेच करते. आधी खांदे कुठे कलले आहेत ते, मग कंबर, मग बाकीचं. कुणी झोपलं असेल तर चेहरा ओळखू येईल असा काढत नाही, ते मला बरं वाटत नाही. एकदा समोरच्या काकूंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, माझी पिशवी मात्र अगदी माझीच आहे हो." ती चिठ्ठी मी त्यांना देऊन टाकली.

दोन-तीन महिन्यांनी चित्र बिघडायला लागतं

बिघडत नसतं. नजर हाताच्या पुढे गेलेली असते. सुरुवातीला आपल्याला चूक दिसतच नाही, म्हणून चित्र छान वाटतं. साठ-सत्तर तांबे काढल्यावर नजर तयार होते आणि हात अजून तिथे पोचलेला नसतो. मधला हा काळ फार वाईट जातो. माझी तिसरी वही याच काळात बंद पडली. ते सलग तीन चेहरे, ती लव आलेली पानं.

या काळात खोडरबर घरात ठेवू नका. मी अगदी मनापासून सांगते आहे. रबर हातात असला की दहा मिनिटांतली सहा खोडण्यात जातात, आणि चुकलेली रेघ खोडली की नवी रेघ कुठे काढायची याचा आधारही जातो. चुकलेली रेघ राहू द्या आणि तिच्या शेजारी बरोबर वाटते ती काढा. म्हणून बॉलपेन. चिठ्ठीवर दोन-तीन रेघा एकमेकींशेजारी दिसतील, आणि सहा महिन्यांनी तो गठ्ठा बघताना त्या रेघांमधलं अंतर कमी होत गेलेलं दिसेल. मला ते दिसलं तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून चक्क रडले.

चित्र कुणाला दाखवायचं का? पहिले तीन महिने नको. स्टेटसला टाकलं की दुसऱ्या दिवशीचं चित्र आपण बघणाऱ्यांसाठी काढायला लागतो, आणि अंगठे आले नाहीत की पेटी उघडावीशी वाटत नाही. घरातल्या एकाच माणसाला दाखवा, ज्याला "हे कोण आहे?" असं विचारायची सवय नाही.

आणि तरीही खाडा पडला तर

घरी दूधवाल्याचा हिशेब कॅलेंडरवर कसा असतो? ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेला फुली. त्याला खाडा म्हणतात. महिन्याच्या शेवटी खाडे वजा होतात आणि विषय संपतो. काल खाडा झाला म्हणून आज कुणी दुप्पट दूध घेत नाही. तीन दिवस गावाला गेलो म्हणून परत आल्यावर चार दिवसांचं दूध तापवत बसत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करतो. राहिलेली पानं भरून काढायला बसतो आणि त्या ओझ्याखाली आजचंही राहतं.

राहिलेलं चित्र राहिलं. त्याच्यासाठी कोरी पानं सोडू नका. चिठ्ठ्यांचा हाही एक फायदा, मधे कोरं पान दिसतच नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं सगळीकडे सांगतात, त्यावर फार विसंबू नका. लंडनमध्ये ९६ जणांवर बारा आठवडे झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रोजच्या एखाद्या ठरावीक वेळेला जोडून एक नवी गोष्ट करायची, एवढंच त्यांना सांगितलं होतं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा अंदाजाने १८ पासून २५४ पर्यंत निघाला (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले). त्यात मला दिलासा देणारी गोष्ट ही, की मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

दर ऑक्टोबरला अनेक जण इंकटोबर धरतात. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली सुरू केलेला हा उपक्रम, महिनाभर रोज शाईचं एक चित्र. कल्पना चांगली आहे, पण तो महिना आपल्या घरांना धार्जिणा नाही. २०२५ साली २ तारखेला दसरा आणि तिसऱ्या आठवड्यात दिवाळी. साफसफाई, फराळ, येणं-जाणं. ज्या बाईच्या हाताला चकलीचं पीठ आहे तिने सोळाव्या दिवशी चित्र राहिलं म्हणून स्वतःला नावं ठेवू नयेत. एकतीस दिवस सलग करायचेच असतील तर मार्गशीर्ष धरा, किंवा लग्नसराई नसेल तर फेब्रुवारी-मार्च. हवा कोरडी असते, कागद कुरकुरीत असतो.

मोठ्या खाड्यानंतर परत बसायचं तेव्हा मात्र काही गोष्टी पाळते. जे हाताशी आहे तेच काढायचं, उठून काही आणायचं नाही. बॉलपेननेच. दोन मिनिटांच्या वर नाही, चित्र जमायला लागलं तरी थांबायचं. तारीख घालायची. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते उलटून बघायचं नाही.

गेल्या वर्षी बाबा आजारी होते तेव्हा एकोणीस दिवसांचा खाडा पडला. चार वर्षांतला सगळ्यात मोठा. विसाव्या दिवशी पहाटे घरी आले, आधण ठेवलं, पेटी उघडली. ओट्यावर त्यांच्या औषधाची बाटली होती, झाकण उघडं. बाटलीच्या तोंडाचा लंबगोल, बुडाचा लंबगोल, दोन उभ्या रेघा. बुडाचा जरा जास्त गोल, जसा असतो तसा. खाली तारीख घातली आणि चहा गाळला.